एकतिसाव्या नंबरचा अंदाज

आमच्या बोअरच्या धंद्यात एक रीत आहे. जमीन बघून मनात जो आकडा येतो, तो गिऱ्हाइकाला जसाच्या तसा सांगायचा नाही. पाणी लागण्याचे शंभरात साठ वाटले, तर तोंडातून चाळीस काढायचे. माझ्या उस्तादांनी मला यंत्राला हात लावू देण्याआधी हे शिकवलं. म्हणायचे, "साठ सांगशील आणि भोक कोरडं गेलं, तर तो तुझी कॉलर धरेल. चाळीस सांग. पाणी लागलं तर जेवू घालेल, नाही लागलं तर म्हणेल, बिचारा आधीच बोलला होता."

तीस वर्षं झाली, माझी कॉलर कुणी धरली नाही. जेवणं मात्र पुष्कळ झाली.

आता घरचं सांगतो. घरात मी आणि माझी भाची. माझी बहीण बाळंतपणात गेली, तिच्या नवऱ्यानं वर्षाच्या आत दुसरा संसार मांडला, आणि चार महिन्यांचं ते पोर माझ्या आईच्या ओटीत आलं. दिवस नाही, रात्र नाही, किंचाळायचं नुसतं. मी तिला टिटवी म्हणायला लागलो. आई चिडायची, असलं अशुभ नाव कशाला ठेवतोस म्हणून. पण नाव चिकटलं ते चिकटलंच. माझं लग्न राहून गेलं. राहून गेलं म्हणजे काय, पोर आणि म्हातारी असलेल्या घरात, महिन्यातले वीस दिवस बाहेर असणाऱ्या माणसाला कोण मुलगी देतंय? तीन वर्षांपूर्वी आई गेली. मग मी लांबची कामं घेणं सोडलं. संध्याकाळी घरी यायचं, टिटवीशी भांडायचं, जेवायचं, झोपायचं. कशावरून भांडायचं ते दोघांपैकी कुणीही ठरवायचं.

या टिटवीच्या डोक्यात शाळेच्या शेवटच्या वर्षाला मासे शिरले. आमच्या भागात मासा बघायचा तर टीव्ही लावावा लागतो. मी पाचशे फूट खाली गेलो तरी चिखल निघतो, आणि हिला शिकायचं मत्स्यशास्त्र. मासे कसे वाढवायचे, त्यांना रोग कुठले होतात, समुद्रातले कमी का झाले, ते सगळं. मी म्हटलं, "अगं, तुला पोहता तरी येतं का?" ती म्हणाली, "डॉक्टर व्हायला आधी आजारी पडावं लागतं का, मामा?" तिच्याशी बोलण्यात जिंकायचं नाही, हे मी ती सात वर्षांची असतानाच मान्य केलेलं.

हे शिक्षण सरकारी विद्यापीठात, आणि ते विद्यापीठ दुसऱ्या राज्यात, समुद्राकाठी. रेल्वेनं दोन दिवस. तिथं जागा ऐंशी. त्यातल्या अडुसष्ट त्यांच्या राज्यातल्या पोरांना, उरलेल्या बारा बाहेरच्या सगळ्या राज्यांत मिळून. बारा जागांसाठी नऊशे अर्ज. पहिल्या बारा नंबरांना थेट बोलावणं गेलं. त्यांच्या मागे प्रतीक्षा यादी. त्या यादीत टिटवी एकतिसावी.

दरम्यान आमच्याच शहरातल्या कॉलेजात तिला प्राणिशास्त्राला जागा मिळाली होती. ती घेऊन ठेवली. घेऊन ठेवली म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रकं, सगळे मूळ कागद कॉलेजच्या कपाटात गेले. ही सगळीकडची रीत. कागद ज्याच्या कपाटात, पोर त्याचं.

आणि एका मंगळवारी त्या विद्यापीठाची सूचना आली. बाहेरच्यांच्या काही जागा रिकाम्या राहिल्यात. सोमवारी सकाळी दहाला सभागृहात प्रतीक्षा यादी पुकारणार. जो हजर असेल आणि ज्याच्या हातात मूळ कागद असतील, त्याला नंबरानं जागा. मूळ कागद नसतील तर हजर राहूनही उपयोग नाही.

म्हणजे पेच बघा. सोमवारी तिथं उभं राहायचं तर शुक्रवारी इथल्या कॉलेजातून कागद काढायचे. कागद काढले की इथली जागा गेली. आणि तिथं नंबर आला नाही तर पोरगी ना घरची ना घाटाची, एक वर्ष बसून.

टिटवीनं सूचना दोनदा वाचून दाखवली. मग माझ्यासमोर स्टूल ओढून बसली.

"मामा, तू आयुष्यभर हेच करतोस. शंभरातले किती ते सांग."

"मी जमिनीचं सांगतो. विद्यापीठाचं मला काय कळतं?"

"जमिनीच्या पोटातलं तरी तुला कुठं दिसतं?"

बुधवारी आमचा कॉम्प्रेसर दुरुस्तीला होता, त्यामुळे मी घरीच. टिटवी मैत्रिणीकडे गेली आणि मी सूचनेवरच्या नंबरला फोन लावला. अकरा वेळा लागला नाही. बाराव्यांदा एका बाईनं उचलला.

"बाई, माझ्या भाचीचा बाहेरच्या यादीत एकतिसावा नंबर आहे."

"काका, नंबर लागेल की नाही हे फोनवर सांगता येत नाही. सगळे तेच विचारतात."

"मी ते विचारतच नाही. मागच्या वर्षी यादी कितव्या नंबरपर्यंत गेली, तेवढं सांगा. झालेली गोष्ट आहे, त्यानं तुमची नोकरी जात नाही."

बाई हसल्या. "थांबा, रजिस्टर काढते." पानं उलटल्याचा आवाज आला. "मागच्या वर्षी चव्वेचाळीस. त्याच्या आधी सत्तावीस. त्याच्या आधी अडतीस."

"आणि यंदा पहिल्या बारांतले आले किती?"

"पाच. बाकीच्यांची मुदत संपली. त्यांनी आपापल्या गावात घेतलं असेल."

"म्हणजे सात जागा रिकाम्या."

"हे तुम्ही म्हटलंत, मी नाही," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मी चहा केला आणि विचाराला बसलो. नवीन जागी गेलो की मी आधी आजूबाजूच्या विहिरी बघतो. कुठली किती खोल, कुठली आटली, कधी आटली. हे तसंच. तीन वर्षांतली दोन वर्षं यादी एकतिसाच्या पुढे गेली, एक वर्ष अलीकडेच थांबली. ठीक. आता यंदाचं. टिटवीच्या पुढे तीस जण, जागा सात. त्या तिसांतले सहा किंवा त्याहून कमी आले तर टिटवी आत. सात आले की बाहेर. ज्यांना पक्की जागा होती, त्या बारांतले आले पाच, म्हणजे पाचात दोन. ज्यांना पक्कं काहीच नाही, हातची जागा सोडून यायचंय, ते त्याच्या निम्मे धरू. पाचात एक. तिसात सहा.

काठावर, पण आत. मनात आकडा आला बासष्ट. साठही नाही, पासष्टही नाही. असा नेमका आकडा येतो तेव्हा माझं सहसा चुकत नाही.

संध्याकाळी टिटवी आली. चपला काढता काढताच म्हणाली, "बोल."

मी म्हटलं, "चाळीस."

काही ठरवून बोललो नाही. तोंड उघडलं आणि तीस वर्षं जे बाहेर पडत आलं तेच पडलं. पण बोलल्यावर दुरुस्त करता आलं असतं. तेवढा वेळ होता. ती दारात उभी होती, एक चप्पल हातात.

"चाळीस म्हणजे नाहीच," ती म्हणाली.

"नाहीच असं नाही. चाळीस म्हणजे चाळीस."

"हातातली जागा सोडायची तर निम्म्याच्या वर तरी पाहिजे ना." चप्पल तिनं जागेवर ठेवली. "बरं झालं, सरळ सांगितलंस. दुसऱ्या कुणी नुसती आशा लावली असती."

जेवताना मीच मिठावरून भांडण काढलं. ती भांडली नाही. "हो, जास्त झालंय," म्हणाली आणि ताट उचलून गेली. त्या रात्री मला झोप मस्त लागली, हे कबूल करतो. ते आधी सांगितलेलं बरं.

गुरुवारी कॉम्प्रेसर आला आणि आम्ही एका दवाखान्याच्या मागे बोअर मारायला गेलो. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, मी जमीन बघितली, मनात पंचावन्न आले, मी पस्तीस सांगितले. दोनशे चाळीस फुटांवर पाणी लागलं. बाईंनी आम्हाला त्यांच्या खुर्च्यांवर बसवून चहा पाजला.

आमच्या गाडीचा ड्रायव्हर आहे, त्याला सगळे पंक्चर म्हणतात. कुणाचीही हवा काढण्यात त्याचा हात धरणारा नाही. माझ्याबरोबर एकोणीस वर्षं आहे. चहा पिता पिता त्यानं विचारलं, "पोरीचं काय ठरलं?"

"नाही जाणार. चाळीसच वाटतात."

त्यानं कप खाली ठेवला. "तुझे चाळीस की खरे चाळीस?"

मी कपात फुंकर मारली. तो माझ्याकडे बघत राहिला.

"तू पोरीला गिऱ्हाईक केलंस होय रे?"

"सवय आहे. तोंडातून गेलं."

"उस्तादांनी आपल्या मुलीच्या सासरी बोअर मारलं, तेव्हा आपण दोघं होतो. तिच्या सासऱ्यानं विचारलं, किती? उस्ताद काय म्हणाले?"

"ऐंशी."

"आणि बाहेर येऊन आपल्याला काय म्हणाले?"

मला आठवत होतं. पण पंक्चरला एखादी गोष्ट स्वतःच्या तोंडानं सांगितल्याशिवाय चैन पडत नाही. "म्हणाले, कॉलर धरायची तर धरू देत, आपलीच माणसं आहेत." त्यानं कप उचलला आणि उरलेला चहा संपवला. "सवयीचं मला सांगू नकोस. सवय असती तर काल रात्रीच दुरुस्त केलं असतंस. ती गेली तर तुझं घर ओस पडतंय, म्हणून तू गप्प बसलास."

"तू गाडीचं ऑइल बघितलंस का?" मी म्हटलं.

"बघितलं," तो म्हणाला. "तू तुझं बघ."

घरी गेलो तर टिटवी कॉलेजच्या नव्या वह्यांना कव्हर घालत होती. प्राणिशास्त्र, भाग एक. अक्षर तिचं सुंदर आहे. मी हातपाय न धुताच समोर बसलो.

"टिटवे, काल मी तुला चाळीस सांगितलं."

"हं."

"मनात बासष्ट होते."

पेन थांबलं. "बासष्ट कुठून आले?"

मी सगळं सांगितलं. फोनवाल्या बाई, चव्वेचाळीस, सत्तावीस, अडतीस, सात रिकाम्या जागा, पाचात एक. तिनं त्या नव्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून काढलं आणि पेनाचं टोक एकेका आकड्यावरून फिरवत गेली.

"पाचात एक हा तुझा अंदाज."

"हो."

"चारात एक आला तर?"

"तर सात-साडेसात होतात आणि तू बाहेर."

"म्हणून बासष्ट."

"म्हणून बासष्ट. नाहीतर ऐंशी म्हटलं असतं."

तिनं वही मिटली. "मग चाळीस का सांगितलंस?"

"धंद्याची सवय. गिऱ्हाइकाला कमी सांगायचं असतं."

"मी गिऱ्हाईक आहे?"

"नाही."

"नुसती सवय होती?"

बघा, इथं हो म्हणता आलं असतं. तिनं मानलंही असतं. पण पोरगी इतकी सरळ बघत होती की खोटं बोलवेना.

"नुसती नव्हती," मी म्हटलं. "आजी गेल्यावर घरात आपण दोघंच. तू गेलीस तर मी संध्याकाळी भांडू कुणाशी? पंक्चरशी दिवसभर भांडतोच, त्याला काही चव नाही."

ती हसली नाही. मग म्हणाली, "लोक एकमेकांना मामा बनवतात हे माहीत होतं. मामानंच बनवलं, हे पहिल्यांदा बघितलं."

मी मान खाली घातली.

"उद्या चारच्या आत कॉलेजात जायचं," ती म्हणाली. "कागद काढायला पालकाची सही लागते."

"करतो."

"नंबर नाही लागला तर वर्षभर घरी बसावं लागेल. तेव्हा टोमणे मारायचे नाहीत."

"एखादा मारीन."

"एखादा चालेल," ती म्हणाली, आणि मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ती कव्हराचे कागद गोळा करायला लागली. मी हातपाय धुवायला गेलो आणि गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ धूत बसलो. नळ चालू असताना मनात एक विचार आला, तोही सांगून टाकतो. नंबर नाही लागला तर एक वर्ष ती इथंच आहे. म्हणजे माझं दोन्हीकडून बरंच होतं. असा विचार येणाऱ्या माणसाचं काय करायचं ते मला कळलं नाही. नळ बंद केला.

शुक्रवारी कॉलेजातल्या क्लार्कनं फॉर्म पुढे केला आणि माझ्याकडे अशी नजर टाकली की जणू मी पोरीला विकायला निघालोय.

"काका, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागताय. परराज्यात एकतिसावा नंबर, आणि तुम्ही ही जागा रद्द करताय? तासाभरात दुसऱ्याला जाईल ही. नंतर इथं येऊन हात जोडू नका."

"नाही जोडत."

"मुलीला कळत नाही, पण तुम्ही मोठे आहात."

"तिलाच कळतं," मी म्हटलं. "सही कुठं करायची?"

पहिली सही रेघेच्या खाली उतरली. त्यानं दुसरा फॉर्म दिला. दुसरी नीट झाली. त्यानं कपाट उघडून कागद काढले आणि टिटवीनं एकेक मोजून फाइलमध्ये घातला. मग ती फाइल तिनं जी छातीशी धरली ती रेल्वेत दोन दिवस तशीच. झोपतानाही उशाखाली. मी म्हटलं, माझ्याकडे दे जरा. म्हणाली, "तुझ्यावर अजून विश्वास बसायचाय." चेष्टेत म्हणाली. थोडं चेष्टेत.

सोमवारी सभागृहात दोनशे खुर्च्या आणि माणसं जेमतेम चाळीस, आईबाप धरून. ते बघूनच मला बरं वाटलं. स्टेजवर लांब टेबल, मागे एक साहेब, आणि माइकसमोर एक बाई. त्यांनी "प्रतीक्षा यादी क्रमांक एक" म्हटलं आणि मी आवाज ओळखला. फोनवाल्या बाई. प्रत्येक नंबर तीनदा पुकारायचा, कुणी उठलं नाही तर गैरहजर लिहून पुढे.

एक गैरहजर. दोन गैरहजर. तीन नंबरचा पोरगा उठला. टिटवीनं बोट दुमडलं. मग आठ आणि नऊ लागोपाठ. तीन जागा गेल्या. दहापासून तेरा रिकामे. चौदाची मुलगी उठली. वीसवर एक जण धावत आला, बसला पार मागच्या ओळीत होता. पाच जागा गेल्या. पंचविसावर सहावी गेली.

एक जागा उरली. टिटवीच्या पुढे पाच जण.

माझ्या आत दोन माणसं बसली होती. एक म्हणत होता, उठू नका रे कुणी. दुसरा काही बोलत नव्हता, पण होता. त्याला मी बरोबर घेऊन आलो होतो, तिकीट न काढता.

सव्वीस, गैरहजर. सत्तावीस, गैरहजर. अठ्ठावीस, बाईंनी तीनदा पुकारलं, गैरहजर. एकोणतीस. एकोणतीस. एकोणतीस. गैरहजर.

"क्रमांक तीस."

आमच्या पुढच्या ओळीतून एक उंच मुलगी उठली. तिच्याबरोबर तिचे वडील. टिटवीनं श्वास सोडला तो मला ऐकू आला. तिनं फाइल मांडीवर आडवी ठेवली आणि तिच्यावर दोन्ही हात ठेवले. मी म्हटलं, संपलं. बासष्ट म्हणजे अडतीस कोरडे असतातच, हे मला कुणी सांगायला नको.

स्टेजवर बाईंनी कागद हातात घेतले, उलटून बघितले, आणि माइक बाजूला सारून काहीतरी बोलल्या. ते वडील मोठ्यानं बोलायला लागले म्हणून आम्हाला ऐकू आलं.

"मूळ कागद तिकडच्या कॉलेजात आहेत. दोन दिवसांत आणून देतो."

"आत्ता, हातात लागतात."

"दोन दिवसांचा रस्ता आहे हो, बाई. आम्हाला तिकडच्या जाणकार माणसानं सांगितलं, आशा धरू नका, तीसपर्यंत यादी जायची नाही. म्हणून ती जागा सोडली नाही. नुसतं बघायला आलो."

साहेब मान हलवत होते. मुलगी वडिलांचा हात ओढत होती, चला म्हणून. तो जाणकार माणूस कोण असेल कुणास ठाऊक. वाईट नसेल. त्यानं त्यांच्या भल्यासाठीच जरा कमी करून सांगितलं असेल. मी जमिनीकडे बघत बसलो.

"क्रमांक एकतीस," बाई म्हणाल्या.

टिटवी उठली. फाइल घेऊन पायऱ्या चढली. मी बसूनच राहिलो. बाईंनी कागद एकेक करून बघितला, उजेडाकडे धरून शिक्का तपासला, मग पहिल्यांदाच मान वर करून विचारलं, "बरोबर कोण आलंय?" टिटवीनं माझ्याकडे बोट केलं. बाईंनी माझ्याकडे बघून मान डोलावली आणि यादीवर रेघ मारली. सात भरल्या. बत्तीस नंबर पुकारलाच नाही.

बाहेर पाण्याच्या टाकीपाशी ते वडील तोंड धूत होते. मला म्हणाले, "तुमची कितवी?"

"एकतीस."

त्यांनी रुमालानं तोंड पुसलं. "चांगलं झालं," म्हणाले. मनापासून म्हणाले. "आम्हाला कुणी नीट सांगितलं असतं तर आम्हीही आणले असते."

मी त्यांना चहा पाजला. दोघांसाठी बिस्किटंही घेतली. दुसरं काय देणार?

वसतिगृहात दुपारी खोली मिळाली. तीन खाटा, तीन कपाटं, खिडकीतून समुद्र दिसत नव्हता पण वास येत होता. टिटवीनं खिडकीजवळची खाट पकडली. आधीच आलेली एक मुलगी तिला न्हाणीघर दाखवायला घेऊन गेली, ती वीस मिनिटं आलीच नाही. मी खाटेच्या कडेवर बसून होतो. आली तेव्हा हसत आली, कशावर ते मला सांगितलं नाही. सांगण्यासारखं नसेल.

पुरुषांना पाचच्या पुढे आत थांबता येत नाही. फाटकापर्यंत ती आली. पर्स उघडली आणि घराची किल्ली काढून माझ्यापुढे धरली.

"ही ठेव."

"माझ्याकडे कशाला?"

"मग कुणाकडे?"

मी किल्ली घेतली. सरळ आहे, तिच्याकडे ठेवून काय उपयोग? पण इतक्या वर्षांत ती किल्ली माझ्या खिशात एकदाही आली नव्हती. आधी आई असायची, मग टिटवी. मी कधीही गेलो तरी दार उघडंच.

"बीपीच्या गोळ्या वेळेवर घे," ती म्हणाली. "आणि पंक्चरकाकांना सांग, बासष्ट पुरले."

"सांगतो."

"मामा."

"काय?"

"कॉलर धरली नाही मी. लक्षात ठेव." आणि ती वळली. पंक्चरनं तिला फोन केला होता, दुसरं काय. त्याच्या पोटात काही राहत नाही.

परतीचा प्रवासही दोन दिवसांचा. समोरच्या बाकावरचा माणूस तीनदा म्हणाला, गाडी उशिरा आहे. मी तीनदा हो म्हटलं.

बुधवारी संध्याकाळी घरी पोचलो. कुलुपात किल्ली घातली आणि फिरवली, तर फिरेना. काढली, पुसली, परत घातली. जोर लावला. पाचशे फूट खडक फोडतो मी, आणि त्या एवढ्याशा कुलुपापुढे घाम फुटला. शेजारच्या काकू भांडी घासता घासता बघत होत्या. शेवटी उठून आल्या, हात ओलेच.

"उलटी फिरवा. आणि दार जरा वर उचलून धरा. पोरगी तसंच उघडायची."

उलटी फिरवली, दार उचललं. उघडलं.

"रमली का?" काकूंनी विचारलं.

"रमेल असं दिसतंय."

"येणार कधी आता?"

"सहामाही झाली की."

"म्हणजे काय, आलीच," काकू म्हणाल्या आणि भांड्यांकडे परत गेल्या.

आत गेलो, दिवा लावला, पिशवी खाली ठेवली. थोडा वेळ तसाच उभा राहिलो. मग लक्षात आलं की किल्ली अजून हातातच आहे, आणि ती या घरात कुठं ठेवतात हे मला माहीत नाही.